अंथुर्ण्याच्या वस्तीवरच्या चुली

बारामती-इंदापूर भागात कुणी हौसेनं फिरायला जात नाही. गेलेच तर भिगवणला, उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी बघायला, आणि दुपारी मासळीचं ताट चापून संध्याकाळी पुण्यात परत. मी चार दिवसांसाठी म्हणून गेले, त्याहून जास्त राहिले आणि पक्षी एकही पाहिला नाही. आल्यावर सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" तेव्हा "ऊस" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे, ते इथं लिहिते.

माझ्या नवऱ्याच्या, मोहनच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. एक दिवसाआड डायलिसिस. मी माझी एक द्यायला निघाले होते, पण माझी साखर आडवी आली. मग त्याचं नाव प्रतीक्षायादीत घातलं. तेव्हापासून घरात फोन वाजला की आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता उठतो. मी नोकरी केली पोस्टात, काउंटरवर. रांगेतल्या माणसाची तगमग जन्मभर काचेच्या आतून पाहिली आणि खरं सांगायचं तर तिचा कंटाळाच केला. आता काचेच्या बाहेर उभी आहे.

लोकांनी अवयवदानाची नोंदणी करावी म्हणून सरकारनं अनुदान दिलं होतं. त्यातून एक व्हॅन गावोगाव फिरणार होती आणि ज्यांच्या घरात कुणी वाट बघत आहे अशा नातेवाइकांनी तिच्याबरोबर जाऊन दोन शब्द बोलायचे, अशी योजना होती. माझ्या जाण्यानं मोहनचा नंबर तसूभरही वर सरकणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गेले. मोहनजवळ नणंद राहिली. "तू जा, नाहीतर मलाच भाषणं ऐकवशील," असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

सुपे

व्हॅनच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स होता. त्यावर मान्यवरांचे फोटो इतके की मूत्रपिंडाच्या चित्राला कोपऱ्यात काजूएवढी जागा उरली होती. आत टोप्या आणि कापडी पिशव्यांचे गठ्ठे. मोहिमेची समन्वयक प्रज्ञा, तिशीच्या आतली, कंत्राटी मुलगी. अनुदान संपलं की हिचीही नोकरी संपणार होती, आणि तरीही ती असं काम करत होती की मला माझ्या पोस्टातल्या वर्षांची जरा लाज वाटली.

सुप्याला बाजाराचा दिवस होता. हा भाग कोरडवाहू. माळरान, खुरटं गवत, जवळच चिंकारांचं अभयारण्य. ते चिंकारा बाजाराच्या गलक्यात काही दिसायचे नव्हते. बाजारात शेळ्या, मटकी, ज्वारी आणि डोळ्यांत जाणारी धूळ. मी माइकवर बोलत होते आणि माझ्यासमोर एक पटकेवाले आजोबा हाताची घडी घालून उभे होते.

"कुठल्या पक्षाचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

"पक्षाचं नाही आबा, सरकारचं आहे."

"म्हंजी पक्षाचंच की." त्यांनी टोपी उलटसुलट करून पाहिली. "मेल्यावर किडनी द्यायची, आन् त्यासाठी सरकार गाडी फिरवतंय, पिशव्या फुकाट वाटतंय?"

"हो."

"जित्या माणसाला दवाखान्यात सुईसुदिक इकत आणाय लावत्यात. मेल्यावर एवढी माया कशापायी? कायतरी काळंबेरं हाय बाई ह्यात."

त्यांनी पिशवी तेवढी घेतली, तिच्यात कांदे भरले आणि ते गेले. बाकीच्यांची नोंदणी मोबाइलवर करायची, तर ओटीपी येईना. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ होती. मग आम्ही टोप्या घातलेल्या लोकांची वरात घेऊन टाकीपर्यंत गेलो. त्यांतल्या निम्म्यांना आपण कशाला नाव देतोय हे कळलं असेल, असं मला वाटत नाही. प्रज्ञाला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, वर फक्त नोंदणी दिसते. पण नोंदणीनं एकटीनं काही होत नाही. शेवटी डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, आणि घरचे नाही म्हणाले की संपलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, घरी जाऊन बोला."

अंथुर्णे

दुसऱ्या दिवशी अंथुर्ण्याकडे निघालो आणि देशच बदलला. कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंनी ऊस, उसाच्या वर आभाळाची अरुंद पट्टी. मला त्या हिरवेपणानं प्रसन्न वगैरे काही वाटलं नाही, घुसमटल्यासारखं झालं. ट्रॅक्टरांमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर ऊस इतका रचलेला की मागच्याला पुढचं काही दिसू नये.

इथं आमची सगळी व्यवस्था अमोलनं केली होती. पंचविशीतला पोरगा, दूध संकलनाचं काम करायचा. मोहिमेच्या मागच्या फेरीत त्यानं स्वतःचं नाव नोंदवलं होतं आणि आता गावातल्या पोरांना गोळा करून आणत होता. दुपारी तो आम्हाला जेवायला वस्तीवर घेऊन गेला. गावाबाहेर रानात एकाच भावकीची घरं, म्हणजे सगळे चुलते-पुतणे, एकाचं अंगण संपलं की दुसऱ्याचं सुरू. अमोलच्या आईनं, शालनकाकूंनी, चुलीवर बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. शेंगदाण्याची आमटी, ठेचा, ताज्या ताकाचा तांब्या.

"जेवा की नीट. तुमी पुण्याच्या बाया चिमणीवानी टोचताव," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली.

मी जेवले, पण मोहन आठवत राहिला. त्याला यातलं काही चालत नाही. शेंगदाणे नाहीत, ताक नाही. बटाटासुद्धा चिरून तासन्‌तास पाण्यात घालायचा, ते पाणी फेकून द्यायचं, मग शिजवायचा. पाणी प्यायचं तेही मापून. मी हे सगळं शालनकाकूंना सांगितलं. त्या चुलीपुढं फुंकणी हातात धरून ऐकत राहिल्या.

"पाणीबी मापून?" एवढंच त्यांनी विचारलं.

अमोल म्हणाला, "मी घरात सांगून ठेवलंय बरं का काकू. प्रज्ञाताई म्हणल्या हुत्या ना. आबास्नी जेवताना सांगितलं, माझं काय झालं तर सगळं देऊन टाका म्हणून."

"गप ये," त्याची आई म्हणाली. "अन्नावर बसून बोलायचं व्हय असलं?"

त्याचे वडील तानाजीआबा कमी बोलणारे. ते नुसते हसले. उठताना अमोलनं व्हॅनमधली एक टोपी आईच्या डोक्यावर ठेवली. ती तिनं काढून त्याच्याच पाठीत मारली.

कळस

कळसला आम्ही मांडव घालून बसलो होतो तेव्हा प्रज्ञाचा फोन वाजला. आदल्या संध्याकाळी अमोल दूध पोचवून मोटारसायकलवरून परत येत होता. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यातच बंद पडून उभा होता. मागे दिवा नव्हता. अमोल बारामतीला एका खासगी हॉस्पिटलात आहे आणि शुद्धीवर नाही, एवढंच कळलं.

प्रज्ञानं माइक बंद केला. त्या दिवशी आम्ही एकही नोंदणी केली नाही. टोप्यांचा गठ्ठा कुणीतरी उचलून नेला, त्याबद्दलही कुणी विचारलं नाही.

बारामती

बारामती शहर मला आवडायला हरकत नव्हती. रुंद रस्ते, झाडं, दुभाजकावर फुलं. पण मी ते हॉस्पिटलच्या जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी तानाजीआबांना आत बोलावून सांगितलं की अमोलचा मेंदू मृत झाल्याची पहिली तपासणी झाली आहे, संध्याकाळी दुसरी होईल, पण आशा ठेवू नका. श्वास मशिनचा आहे.

आबा बाहेर आले, बाकावर बसले आणि कुणी काही विचारण्याआधीच म्हणाले, "त्यानं सांगितलं हुतं. घ्या म्हणावं."

हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंनी त्यांना सगळं नीट समजावलं. दुसरी तपासणी, मग पुण्याहून सर्जन येणार, मग शवविच्छेदन. अमोल घरी पोचायला उद्याची दुपार होईल. आबा मान हलवत होते. मी दूर उभी होते आणि बोलता बोलता त्या बाईंनी रक्तगट सांगितला. बी पॉझिटिव्ह.

मोहनचा बी पॉझिटिव्ह आहे.

मी हे लिहिताना आडपडदा ठेवत नाही. मला आशा वाटली. ज्या पोरानं परवा मला जेवू घातलं, त्याचा बाप समोर बसला होता, आणि मी मनातल्या मनात यादी मोजत होते. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, काही सांगता येत नाही," ती हळूच म्हणाली. "मला ठाऊक आहे," मी म्हणाले. ठाऊक असण्याचा काही उपयोग नसतो.

अडचण वेगळ्याच दिशेनं आली. आम्ही मोहिमेत सगळ्या शंकांची उत्तरं पाठ केली होती. पुढच्या जन्मी आंधळा होईल का, देह विद्रूप होईल का, धर्माला चालतं का. हे मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. डॉक्टरांचं 'मेंदू मृत' एवढंच ऐकून अमोलच्या चुलतभावानं सकाळीच वस्तीवर फोन केला होता, "अमोल गेला." आणि तिथं भावकीत माणूस गेलं की सरण पेटेपर्यंत एकाही घरात चूल पेटत नाही. गॅस असला तरी नाही. सकाळपासून वस्ती उपाशी होती. पाहुणे जमायला लागले होते, मोबाइलवर अंत्यविधीची वेळसुद्धा फिरत होती.

आबांना फोन येऊ लागले. प्रत्येक फोननंतर ते थोडे खचत गेले.

"माणसं खोळंबल्यात," ते प्रज्ञाला म्हणाले. "म्हातारी हायत, गोळ्या खाणारी. बारकी लेकरं हायत. उद्या दुपारपतूर उपाशी कसं ठिवू मी लोकांस्नी? नगं ताई. मी त्याला घेऊन जातो."

"आबा, तुम्ही फोन करून सांगा ना, चुली पेटवा म्हणून."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. "बापानं सांगायचं व्हय? माझं पोरगं असं पडलंय, आन् मी म्हणू, तुमी जेवा?"

आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे जोशी वारले, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. त्यात कुणालाच वावगं वाटलं नव्हतं, मलाही नाही. पुण्यात ही अडचण आलीच नसती. पण पुण्यात आमच्यासाठी कुणी उपाशीही राहिलं नसतं, हेही तेव्हाच मनात आलं.

शेवटी असं ठरलं की प्रज्ञानं आणि मी वस्तीवर जायचं आणि मोठ्यांशी बोलायचं. तोवर आबा थांबायला तयार झाले.

पुन्हा अंथुर्णे

अंगणात पुरुष सतरंज्यांवर बसले होते. एक लहान मूल बिस्किटासाठी रडत होतं आणि त्याची आई त्याला उसाच्या आड घेऊन जात होती. भावकीतले सर्वांत मोठे गणपततात्या. त्यांच्यासमोर बसून प्रज्ञानं सगळं सांगितलं. तात्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"पोरगं म्हणलं हुतं तर द्यावं. आमची ना न्हाय," ते म्हणाले. "पण चूल पेटवा म्हणून मी कुणाला सांगू? आन् पैली कोण पेटवंल? ज्याच्या घरातनं धूर निघंल त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या निघंल. तानाजीला म्हणावं, घिऊन ये लेकराला."

मी म्हणाले, "तात्या, मुलं उपाशी आहेत."

"म्हणून तर म्हणतोय, घिऊन या," तात्या म्हणाले.

ही माणसं वाईट नव्हती, अडाणी नव्हती, त्यांचा विरोधही नव्हता. त्यांना फक्त मेलेल्या पोराचा मान राखायचा होता. मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा भयंकर राग आला.

आत शालनकाकू बायकांच्या घोळक्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. चूल थंड होती, राखेवर सकाळचा तवा उपडा घातलेला. मला बघून त्यांनी जवळ बसायची खूण केली. प्रज्ञानं त्यांनाही सगळं सांगितलं. मेंदू म्हणजे काय, तो गेला म्हणजे माणूस गेला, मशिन फक्त हवा भरतं. फार हळुवारपणे सांगितलं तिनं. त्या ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमी बघितलं त्याला?"

"काचेतून बघितलं."

"छाती हलतीया?"

"हलते. मशिन हलवतंय."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुमच्या मालकास्नी मिळंल व्हय त्याची?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "रक्तगट जुळतो," मी म्हणाले. "पण यादी असते. पुढं कोण आहे ते मला माहीत नाही. कदाचित दुसऱ्या कुणाला मिळेल."

"त्येबी पाणी मापूनच पीत आसंल," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. जावेनं हात धरला, तो त्यांनी सोडवला. चुलीपुढं बसून त्यांनी तवा बाजूला केला, राख ओढली, उसाच्या वाळक्या पाचटाचा बोळा घातला आणि काडी लावली. एक म्हातारी "अगं शालन, अगं काय करतीस" असं ओरडली. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. परातीत पीठ घेतलं, मळलं आणि भाकरी थापायला लागल्या. तो थापण्याचा आवाज पार अंगणापर्यंत जात असणार, कारण बाहेरची कुजबुज एकदम थांबली.

पहिली भाकरी त्यांनी त्या रडणाऱ्या पोराच्या आईच्या हातात दिली. "घाल त्याला. आन् जावा गं, आपापल्या घरी पेटवा. माझ्या घरात पेटली, आता कुणाला आडायचं कारण न्हाय."

बायका एकेक करून उठल्या. बाहेर तात्या खाकरले आणि कुणाला तरी म्हणाले, "तानाजीला फोन लाव. थांब म्हणावं." मी दारात आले तेव्हा समोरच्या घरावरून धूर निघत होता, मग त्याच्या पलीकडच्या. मी तिथंच दाराला धरून रडले. मागं भाकरी थापणं चालूच होतं.

परत

संध्याकाळी दुसरी तपासणी झाली. आबांनी सही केली. सर्जन पहाटे पुण्याहून निघणार होते. पण ते पोचायच्या आत अमोलचं हृदय थांबलं. असं होतं कधीकधी, समन्वयक बाई म्हणाल्या. किडन्या, यकृत, काहीच घेता आलं नाही. डोळे तेवढे घेतले.

सकाळी शवविच्छेदन उरकून वस्तीवर अंत्यविधी झाला. मी गर्दीत मागं उभी होते. मला कुणी काही बोललं नाही.

मोहनला मी सगळं सांगितलं, रक्तगटाचंसुद्धा. तो म्हणाला, "त्यांना दोघं-तिघं मुलं आहेत का गं अजून?" नाहीत. अमोल एकटाच होता.

प्रज्ञानं वर लिहून कळवलं होतं, पुढच्या अनुदानात टोप्या कमी करा, पण अशा वेळी त्या माणसांना बाहेरून शिजवलेलं जेवण पाठवता येईल अशी काही सोय करा. आपली चूल न पेटवता त्यांना चार घास खाता येतील. उत्तर आलं, अशी तरतूद नाही. टोप्यांची आहे.

दहावा झाल्यावर मी शालनकाकूंना फोन केला. आवाज बारीक झाला होता. त्यांनी मोहनची चौकशी केली, डोळे कुणाला बसले का ते विचारलं. मी म्हणाले, नाव सांगत नाहीत, पण बसले असतील. मग मी विचारलं, "लोक काही बोलतात का हो तुम्हाला?"

"बोलत्यात की. पोरगं सरणावर चढलं न्हाई तवर आईनं भाकरी थापल्या, असं म्हणत्यात. आमच्या जाऊबाई तर पाणीबी घेत न्हाईत माझ्या घरचं."

"मग तुम्ही काय सांगता त्यांना?"

"काय सांगायचं? म्हणलं, मी चूल पेटवली तवा माझ्या पोराची छाती हलत हुती. तुमीच बघितलं नव्हं? जित्या लेकराच्या घरात चूल पेटतीच. तो गेला पहाटं. त्याच्यामागनं मी पेटवली न्हाई."

प्रत्येक गावात माइक हातात धरून मी सांगत आले होते की मेंदू गेला म्हणजे माणूस गेला, छाती हलते ती मशिननं. ते खरंच आहे, आणि त्याच्याच भरवशावर मोहनचं नाव त्या यादीत आहे.

"बरोबर आहे, काकू," मी म्हणाले. "हलत होती. मी पाहिली."